ऑर्फाच्या पायथ्याचा ओंडका

११ जुलै, सोमवार

सकाळी सहाला फोन. सहाला फोन करणारी माणसं जगात दोनच: मरणाची बातमी देणारा आणि व्हेस्टाताई. माझ्या बायकोला, ऑर्फाला, जाऊन सहा वर्षं झाली, पण तिची थोरली बहीण माझ्या मागची काही सुटली नाही.

"होबार्ट, उठलास का?"

"आत्ता उठलो."

"सजावटीचा रविवार सात तारखेला आहे. लक्षात आहे ना?"

"ताई, तो ऑगस्टच्या पहिल्या रविवारीच असतो. आपण जन्मलो त्याच्या आधीपासून."

"शहाणपणा नको. त्या ओंडक्याचं काय?"

झालं. गाडी ओंडक्यावर आली. ऑर्फा गेली त्याच हिवाळ्यात, बर्फाच्या वादळात, कबरस्थानातला वाळका ओक मोडून पडला तो नेमका तिच्या पायांवर आडवा. तेव्हापासून दर सजावटीला सगळं कबरस्थान लखलखीत होतं. प्रत्येक कबरीवरचं पान न् पान काढायचं, गवत खरवडायचं, माती कुदळीनं ओढून पुन्हा उंच वरंबा करायचा, वर मेणात बुडवलेली कागदी फुलं रोवायची आणि मग झाडांखाली चादरी अंथरून जेवायचं. फक्त ऑर्फाच्या कबरीवर ओंडका, पाला, शेवाळ. त्यात माझा काय दोष? पहिल्या वर्षी माझी पाठ धरली होती. दुसऱ्या वर्षी करवतीची साखळी तुटली. मग गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. मग पाऊस. गेल्या वर्षी काय झालं होतं ते आता आठवत नाही, पण काहीतरी नक्की झालं होतं.

"या वर्षी डरेलनं नवी करवत घेतलीय," ताई म्हणाल्या. डरेल म्हणजे त्यांचा मुलगा, पन्नाशीचा बैल. "सजावटीच्या आदल्या शनिवारी तो येईल आणि तासाभरात तुकडे करील. तू फक्त मध्ये येऊ नकोस."

मी कधी कुणाच्या मध्ये येतो?

१३ जुलै, बुधवार

ओंडका बघायला गेलो. धुकं होतं. आमची शाळेची वाट याच डोंगरधारेवरून जायची. मिस प्रॉफिटनं पाठ करायला दिलेली कविता मी इथल्या झाडांना ऐकवत जायचो आणि अडलो की थांबायचो. या वळणावर एकदा दोन ओळींसाठी इतका थांबलो की शाळा सुटून पोरं परत आली. त्या दोन ओळी अजून पाठ आहेत. काल डोळ्यांचा चष्मा कुठे ठेवला ते मात्र आठवत नाही.

ओंडका आता ओंडका राहिलेलाच नाही. हात लावला तर केकसारखा सुटतो. सालीचा एक मोठा पापुद्रा उचलला, तर खालच्या खळगीत ती. बोटाएवढी, सडपातळ, अंग ओलं चमकणारं, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी रंगाची पट्टी, जणू कुणी एका फटक्यात कुंचला ओढला आहे. झऱ्याची पाल! पुस्तकातलं नाव सॅलॅमँडर, पण आमच्याकडे लहान पोरालाही ती झऱ्याची पाल म्हणूनच माहीत. झऱ्यात पाल असेल तर पाणी गोड, हे इथे कुणी शिकवावं लागत नाही. लग्न ठरायच्या आधी ऑर्फा आमच्या घरी आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा आमच्या झऱ्याच्या दगडी कुंडात वाकून पाल आहे का ते बघितलं. मला नंतर बघितलं.

आणि ही बिचारी इथे कोरड्यात, कुजक्या लाकडात वाट चुकून पडलेली. डरेलच्या करवतीखाली तिचं काय होईल या विचारानं मला गलबलून आलं. उचलायला गेलो तर अशी वळवळली की शेपटीचं टोक तुटून माझ्या हातात राहिलं आणि तिथेच नाचायला लागलं. ती मात्र गप्प. डब्यात ओलं शेवाळ घातलं, तिला घेऊन उतारावरून खाली झऱ्यापाशी आलो आणि कुंडात सोडली. घरी येऊन दोन ओळी लिहिल्या:

जा सखे, सुखाने नांद या निर्मळ झऱ्याच्या काठी,
सोड तो ओंडका कुजका, सोड ती काळोखी माती.

काठी आणि माती. मिस प्रॉफिटनं कान धरला असता. पण भावना बरी आहे.

१४ जुलै, गुरुवार

पाल कुंडात नाही. दगड उचलून बघितले. दुसऱ्या दोन होत्या, मातकट, जाडजूड, नेहमीच्या. माझी लाल पट्ट्याची नाही. उपकाराची जाणीव हल्ली पालींनाही राहिलेली नाही.

१६ जुलै, शनिवार

आज माझी भर दुकानात शोभा झाली.

डोंगराच्या पायथ्याच्या दुकानावरच्या खोलीत दर उन्हाळ्यात विद्यापीठातल्या डॉ. क्विन येऊन राहतात. चाळिशीच्या बाई, बुटांना कायम चिखल, दिवसभर जंगलात ओंडके उलटून खाली काय आहे ते बघतात आणि ओंडके जसेच्या तसे परत ठेवतात. त्या कॉफी पीत होत्या. म्हटलं, यांना सांगावं, कौतुक करतील.

"मी परवा एका झऱ्याच्या पालीचा जीव वाचवला. पण कुंडात सोडली ती दिसतच नाही."

"कुठून आणलीत?"

"कबरस्थानातल्या ओंडक्याखालून."

"पाठीवर लाल पट्टा होता?"

"सुरेख! विटेसारखा."

बाईंनी कप खाली ठेवला. "अहो मिस्टर लेडफर्ड, ती झऱ्याची नव्हेच. ती रानातली. जन्मात कधी पाण्यात उतरत नाही ती!"

"पण पाल म्हटल्यावर…"

"झऱ्यातल्या वेगळ्या. हिला फुप्फुसंच नाहीत, कातडीनं श्वास घेते. म्हणून अंग ओलसर हवं, पण पाण्यात नको. वर झाडांची गर्द सावली हवी, खाली पाल्याचा जाड थर हवा, त्यात किडेमुंग्या हव्यात आणि राहायला कुजका ओंडका हवा. एवढं मिळालं की एखाद्या चादरीएवढ्या जागेत आयुष्य काढते."

"म्हणजे मी मासा झाडावर चढवला?"

"खार समुद्रात टाकलीत."

दुकानदार फिदीफिदी हसला. तो याच पाली गळाला लावायला विकतो, त्याला हसायला काय जातंय! पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "एकटीच होती का हो ती? खळगीचं छत बघितलंत? जुलै आहे. या दिवसांत मादी अंड्यांपाशी बसलेली असते."

मी छत बघितलं नव्हतं.

या वयात धावू नये म्हणतात. धावलो. पापुद्रा उचलून बॅटरी मारली, तर खळगीच्या छताला द्राक्षांचा इवलासा घोस लटकलेला. पारदर्शक मोती. त्यातल्या एकावर पांढरी बुरशी धरली होती. बाई म्हणाल्या होत्या तेच. आई अंगानं पुसत राहते, म्हणून बुरशी धरत नाही. आणि मी त्या आईला डब्यात घालून, वर कविता करून, पाण्यात सोडून आलो.

झऱ्याभोवती अंधार पडेपर्यंत शेवाळ चाचपत होतो. नाही.

१७ जुलै, रविवार

चर्चला गेलो नाही. ताईंचा फोन आला, अर्थात. चर्चमधून थेट.

"आजारी आहेस?"

"नाही. पाऊस पडायची वाट बघतोय."

"कशाला?"

सांगितलं. बाईंचं म्हणणं असं की कोरड्या हवेत ती चार पावलंही टाकू शकत नाही, कातडी वाळली की गुदमरते. पण पाऊस पडून पाला भिजला तर कदाचित परत चालत येईल. वाट सापडते त्यांना. अंड्यांना मी हात लावायचा नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग, "होबार्ट, मी खरं सांगू? पहिल्या वर्षी पाठ, दुसऱ्या वर्षी साखळी, आणि आता पाल. पुढच्या वर्षी काय, हत्ती?"

"ताई, तुम्हाला त्यातली हळुवारता…"

"हळुवारता गेली चुलीत! माझ्या बहिणीच्या कबरीचा उकिरडा केलायस. लोक वर येतात, बघतात आणि माझ्याकडे बघून मान फिरवतात. ऑर्फाला कुणी नव्हतं का?"

मी फोन ठेवला. त्यांना कवितेचं अंग नाही. कधीच नव्हतं. त्यांच्या आईनं ऑर्फाला जन्म दिला आणि तापात गेली; तेव्हापासून ताई चुलीपुढे. शाळा तिसरीत सुटली. सुटली ती सुटलीच.

दुपारी चारला ढग आले. पाच वाजता कोसळला.

१८ जुलै, सोमवार

आली!

सालीखाली, घोसाभोवती वेटोळं घालून, हनुवटी अंड्यांवर टेकवून. शेपटी टोकाला तुटकी, म्हणजे शंकाच नको. झऱ्यापासून इथपर्यंत उभा चढ आहे. मी दोनदा दम खातो. ही बोटभर बया दगड, मुळं, पाला ओलांडून एका रात्रीत आली. बुरशी धरलेलं अंडं तिथे नव्हतं. खाल्लं असेल, बाई म्हणाल्या, असंच करतात. मला ते ऐकायचं नव्हतं.

जुन्या ओळी खोडल्या. नव्या:

पाण्याजवळ नेली तिला, वाटले केले भले;
तिचे घर पानांखाली, मला नाही कळले.

या बऱ्या आहेत. ताईंना फोनवर म्हणून दाखवल्या. म्हणाल्या, "छान. ओंडका शनिवारी सहा तारखेला काढायचा."

वैताग!

२८ जुलै, गुरुवार

लाकडी खुर्ची वर नेऊन ठेवली आहे. सकाळी मक्याचा पाव आणि ताक घेऊन तिथेच बसतो. तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. एकदाही दाद दिली नाही. त्या बाबतीत ऑर्फासारखीच. ऑर्फा शेंगांच्या शिरा काढत बसायची, मी म्हणत राहायचो, आणि शेवटी ती म्हणायची, "संपली का? पातेलं दे."

डॉ. क्विन येऊन गेल्या. मी रोज साल उचलून बघतो हे कळल्यावर रागावल्या. "आतली ओल जाते. रोज सकाळी उठून दार उघडून बघणाऱ्या पाहुण्याला तुम्ही काय म्हणता?"

"व्हेस्टाताई," मी म्हणालो.

अंडी फुटायला सप्टेंबर उजाडेल. तोवर ती जवळपास उपाशी बसणार, तोंडासमोर काही आलं तरच खाणार. बेडकासारखी पाण्यात वाढणारी पिल्लं नाही निघत; अंड्यातून थेट आईसारखीच निघतात, टाचणीएवढी. मी विचारलं, ओंडका अलगद उचलून शेजारी ठेवला तर? बाई म्हणाल्या, या ओंडक्याला उचलणार कसे? बोट लावलं तरी सुटतो. आणि पाला खरवडून लाल माती उघडी केली, तर ओंडका राहूनही उपयोग नाही. ऊन लागलं की दोन दिवसांत सगळं भाकरीसारखं कोरडं.

म्हणजे एकतर सजावट, नाहीतर ती. ताईंना कसं सांगू? त्या माणसांचं ऐकत नाहीत, पालीचं काय ऐकणार!

६ ऑगस्ट, शनिवार

आजचं लिहून ठेवतो.

आठच्या सुमाराला डरेलचा ट्रक वर आला. मी खुर्चीत बसलेलो, खुर्ची ओंडक्याला टेकवून. डरेलनं करवत उतरवली. ताई उतरल्या, ब्याऐंशीच्या, एका हातात काठी, दुसऱ्यात कुदळ.

"काका, जरा बाजूला होता का?"

"नाही."

"आई, काका नाही म्हणतात."

"ऐकलं मी. खुर्चीसकट उचल त्यांना."

"आई!"

"मग मी उचलते."

डरेल बिचारा करवत हातात धरून एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. शेवटी म्हणाला, "मी ट्रकमध्ये बसतो. तुमचं ठरलं की हॉर्न वाजवा," आणि गेला. हॉर्न ट्रकमध्ये होता, पण ते त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग ताईंनी मला धुतलं. पन्नास वर्षांचं सगळं काढलं. लग्नात मी उशिरा आलो होतो इथपासून. मग एकाएकी आवाज उतरला. "आमच्या आईची कबर कुठे आहे, सांग बघू."

"जुन्या चर्चमागे."

"जुन्या चर्चमागे कुठे? चर्च हललं, माणसं हलली, कुणी माती ओढली नाही. जमीन बसली. पाला पडला. मी दहा वर्षांची होते. कडेवर ऑर्फाला घेऊन मी तिथे गेले आणि मला सापडली नाही. कुठे उभं राहून रडायचं तेही कळेना." त्यांनी कुदळ जमिनीत रोवली. "हिची नाही हरवू देणार. तू असेपर्यंत नाही आणि नसलास तरी नाही."

हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. ऑर्फानंही नाही.  मला एकही कविता आठवली नाही. तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, "ताई, मला ती माती बघवत नाही."

"कसली माती?"

"ओढलेली. लाल, ओली, उंच. त्या दिवशी होती तशी."

ताईंनी कुदळीवरचा हात काढला. मला वाटलं आता काहीतरी लागट येणार. आलं नाही. त्या म्हणाल्या, "दाखव ती तुझी पाल."

रोज उघडायचं नाही हे ठाऊक असूनही साल उचलली. ताई काठी टाकून गुडघ्यावर बसल्या. त्यांचा गुडघा खराब आहे, मी नको म्हणत होतो. बॅटरी त्यांनीच धरली. ती होती, घोसाला विळखा घालून. मोत्यांच्या आत आता काळे ठिपके दिसतात, डोळे.

"कधीपासून बसलीय?"

"जूनपासून असेल."

"खात नाही?"

"फारसं नाही."

"आणि हलतही नाही." ताईंनी बॅटरी विझवली, पण उठल्या नाहीत. गुडघा आखडला असणार. बराच वेळ तशाच बसल्या होत्या, एक हात ओंडक्यावर ठेवून. मी आधार द्यायला हात पुढे केला तर झिडकारला. "थांब जरा. घाई काय आहे तुला?" मग नाक शिंकरलं. या पाल्याच्या वासानं त्यांना सर्दी होते.

साल मीच परत बसवली. त्यांनी हाक मारली, "डरेल! करवत ठेव. ओढ्यातले पांढरे दगड आण, मोठे बघून. ट्रकभर."

"पांढरे दगड? कशाला?"

"आणतोस का विचारतोस?"

संध्याकाळपर्यंत दगड लावत होतो. डोक्याकडच्या बाजूला ताईंनी वीतभर माती ओढली, तेवढीच, आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं पुन्हा पाला पसरला. मग तिथून दगडांची रांग दोन्ही बाजूंनी खाली. ओंडक्यापाशी आल्यावर डरेलनं विचारलं, "रांग ओंडक्याच्या अलीकडून घेऊ की पलीकडून?"

"पलीकडून," ताई म्हणाल्या. "तोही आत घे."

७ ऑगस्ट, सजावटीचा रविवार

माणसं आली. तळलेली कोंबडी, शेंगा, सफरचंदाचा थरांचा केक, सगळं यथासांग. चुलत-मावसवाले ऑर्फाच्या कबरीपाशी थांबून कुजबुजत होते: पाला काय, ओंडका काय. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "नवऱ्याला जमत नसेल, पण बहीण तरी आहे ना?"

ताई चादरीवर बसल्या होत्या. हातातला कोंबडीचा पाय खाली न ठेवता म्हणाल्या, "तिथे बाळंतीण आहे. आवाज कमी करा."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. नंतर ताईंनी मेणातली गुलाबी फुलं ओंडक्याच्या भेगांत एकेक करून खोवली, सालीच्या त्या पापुद्र्याला धक्का न लावता.

मला मात्र एक गोष्ट कळली नाही. एवढा महिना मी कंठशोष केला, शास्त्र सांगितलं, कविता म्हटल्या, तेव्हा हूं की चूं नाही. आणि अर्धा मिनिट बॅटरी मारून बघितल्यावर सगळं पटलं! बायकांचं काही समजत नाही. मातीबद्दल मी कशाला बडबडलो कोण जाणे.

२९ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा सहाला फोन. तीन आठवडे रोज चाललंय.

"निघाली का?"

"नाही ताई."

"बघितलंस का?"

"बघायचं नसतं रोज."

"मग तुला काय माहीत निघाली नाहीत?"

या बाईंनी माझी झोप, ताक आणि कविता तिन्ही नासवली आहेत. काल पाऊस कमी पडतोय म्हणून काळजी. आज झाडावरची खार अंडी खाईल का म्हणून. डरेलला रात्री राखण करायला पाठवते म्हणाल्या. डरेलच्या नुसत्या घोरण्यानं ओंडक्याचा भुगा होईल!

१३ सप्टेंबर, मंगळवार

निघाली.

डॉ. क्विन सोबत होत्या, त्यांच्यासमोरच साल उचलली. मोती गेले होते. आईच्या अंगाला चिकटून पाच-सहा टाचण्या, प्रत्येकीच्या पाठीवर केसाएवढी विटकरी रेघ. तुटक्या शेपटीला नवं टोक फुटायला लागलंय. बाईंनी लगेच साल बंद करायला लावली. उठून उभा राहिलो तर वरून ओकची पहिली पानं गळत होती, दगडांच्या रांगेच्या आत, ताईंनी ओढलेल्या तेवढ्या मातीवर. खाली वाकून बघितलं. आता पाला कुठला आणि कबर कुठली ते सांगता येत नाही, पण रांग दिसते. पांढरीशुभ्र. खालच्या रस्त्यावरूनही दिसेल.

कविता करायला बसलो. जमली नाही.

उद्या पाचला उठतो. सहाची वाट न बघता मीच त्यांना फोन करणार आहे. बघू कशा वैतागतात.